चेहऱ्याला घडी पडू नये म्हणून

माझा धंदा काय होता हे परभणीत कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "आपल्याकडं कुठं समुद्र हाय?" नाही. आपल्याकडे समुद्र नाही. मी पेडगावचा. परभणीच्या कॉलेजातून मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, नोकरी मिळेना म्हणून किनाऱ्यावर गेलो आणि शिडाच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात चिकटलो तो निवृत्त होईपर्यंत. माझ्याकडे शिडं आणि दोऱ्या होत्या. बोटीवरची दोरी अडली, तुटली, घासली, चुकीची ओवली गेली की मला बोलावत. वडील गावात सांगायचे, "पोरगं तिकडं दोऱ्या बांधायलंय." ते ऐकून लोकांना वाटे, मी मंडपवाल्याकडे कामाला आहे.

या अंकाच्या संपादकांनी सुचवलं की धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत. दोन सांगतो. त्यानंतर जे सांगणार आहे त्यात गंमत नाही. हा लेख रागाने लिहिलेला आहे. मला हळू लिहायची सवय आहे, म्हणून तो राग शांत दिसेल. तसा तो नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. बोटीच्या मध्यावर उभी डोलकाठी असते. तिच्या खालच्या टोकापाशी एक आडवी काठी जोडलेली असते, ती दारासारखी डावीउजवीकडे फिरते. शीड या दोन काठ्यांवर ताणलेलं असतं. वारा बेताचा असेल तोवर पूर्ण शीड ठीक. वारा वाढला की तेच शीड बोट पालथी करतं. मग शीड लहान करावं लागतं. कापायचं नसतं, खालचा भाग दुमडून आडव्या काठीवर बांधायचा असतो, धोतराचा घोळ कमरेला खोचतात तसा. याला आम्ही रीफ घेणं म्हणतो.

त्यासाठी एक दोरी असते. ती आडव्या काठीच्या टोकातून निघते, शिडाच्या कडेला असलेल्या कडीतून जाते आणि परत खाली येते. एकाने शीड चढवायची दोरी थोडी सोडायची आणि दुसऱ्याने ही रीफची दोरी ओढायची, की शीड एक घडी खाली बसतं. मग शिडावर ओळीने ज्या छोट्या नाड्या लोंबत असतात त्यांनी ती घडी बांधून टाकायची. दोन माणसांना चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो.

या दोरीचं एक दुर्दैव आहे. वारा चांगला असतो तेव्हा ती ढिली असते. बोट मजेत चाललेली, सगळ्या दोऱ्या ताठ, आणि ही एकटी लोंबतेय. न समजणाऱ्याला वाटतं, ही राहून गेली आहे, काढली तरी चालेल.

माझं काम होतं ती वेळेला चालेल हे बघणं. दोरी अडली की माणूस जोर लावतो. मी पहिली गोष्ट करायचो ती म्हणजे हात काढून घ्यायचो. मग दोरीच्या वाटेने डोळे फिरवायचे. कुठे घासते? कुठे दुसरीच्या खालून गेली आहे? शीड चढवायची दोरी पुरेशी सोडली आहे का? शिडात वारा भरलेला असताना तर कुणी ओढत नाही ना? दहातली नऊ भांडणं दोरीशी नसतातच. जिथे ती अडली आहे ती जागा भलतीकडेच असते.

एक डॉक्टर होते, मोठं नाव. त्यांच्या बोटीला पुढचं शीड गुंडाळायची चकती होती. दोरी ओढली की चकती फिरते आणि शीड चटईसारखं गुंडाळलं जातं. एकदा ते गुंडाळेना. त्यांनी ती दोरी ओढायच्या चरकावर घेतली आणि दांडा फिरवत राहिले. मी पोचलो तेव्हा शिडाला हातभर चीर गेली होती आणि डॉक्टर घामाघूम होऊन म्हणत होते, "माल निकृष्ट आहे." मी चकतीचं झाकण काढून दाखवलं. शीड उघडताना त्यांनी दोरी मोकळी सोडून दिली होती, त्यामुळे तिचे वेढे एकमेकांवर चढून गुंता झाला होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पेशंटचं पोट दुखतं म्हणून तुम्ही पेशंटलाच ओढता का?" ते हसले. पुढच्या वेळेपासून दोरी हातात धरून सावकाश सोडायला लागले. मोठा माणूस शिकला की मला फार बरं वाटायचं.

दुसरे एक गृहस्थ कापडाचे व्यापारी. दर शनिवारी फोन. "तुमची रीफची दोरी येत नाही." मी जायचो, दोरी लोण्यासारखी यायची. मी परत यायचो, पुन्हा फोन. शेवटी एकदा त्यांच्याबरोबर पाण्यात गेलो. वारा वाढला, त्यांनी पवित्रा घेतला, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि जीव खाऊन ओढू लागले. दोरी तसूभर हलेना. मी खाली बघितलं. ते दोरीवरच उभे होते. मी म्हणालो, "शेठ, उजवा पाय उचला." त्यांनी उचलला आणि दोरीसकट मागे जाऊन बसले. त्यांच्या बायको इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं सुकाणू सुटलं.

गमती इथे संपल्या.

निवृत्त होऊन पेडगावला आलो तेव्हा वाटलं होतं, आता पुस्तकं वाचायची. धाकटी बहीण सुमन येलदरीच्या बाजूला दिलेली. तिचा नवरा, आमचे दाजी, पाण्याकाठच्या मोटारी दुरुस्त करायचे. धरणाचं पाणी मागे सरकलं की शेतकऱ्यांचे पंप पुढे सरकवायचे, पाणी चढलं की मागे ओढायचे, यात त्यांचं आयुष्य गेलं. लहानपणापासून पाण्यातले. जलाशयाच्या काठावर एका माणसाने पर्यटनासाठी नौकाविहार केंद्र काढलं, तेव्हा नावाड्याचं काम दाजींना मिळालं. त्या माणसाला सगळे मालक म्हणत, मीही तेच म्हणतो. मालकाने कुठून तरी शिडाची एक जुनी बोट आणली. दाजींचा मला फोन आला. "दादा, लय दोऱ्या हायत हिला. कोनची कशाची, काय कळंना. या की."

मी गेलो. सगळ्या दोऱ्या बदलल्या, कड्या बसवल्या, शीड धुऊन शिवलं. मग दाजींना शिकवलं. एवढ्या वर्षांत मी पुष्कळांना शिकवलं, पण असा विद्यार्थी मिळाला नाही. मोटारीच्या कामामुळे बिघाड शोधायची शिस्त त्यांच्याकडे आधीच होती. मी म्हणालो, अडलं की पहिलं काय करायचं? ते म्हणाले, "हात काढायचा. मोटार बंद पडल्यावर बी पहिलं बटन बंदच करतो की आमी." आम्ही दोघे मिळून रीफ घ्यायचो. मी चढती दोरी सोडायचो, ते ओढायचे. नंतर ते एकट्याने घ्यायला लागले. वैशाखात दुपारनंतर आपल्याकडे जो वारा सुटतो, धुरळा घेऊन येणारा, त्यातही त्यांनी रीफ घेऊन बोट काठाला आणलेली मी बोटीत बसून पाहिली आहे. मला उतरवून घेताना म्हणाले होते, "दादा, भरल्या शिडापेक्षा आखडलेलं शीड मला लय आवडतं. आपल्या मनावर चाललं वाटतं."

मग उद्घाटन ठरलं. मोठा पाहुणा यायचा होता. कोण ते सांगत नाही. कुणीही असता तरी हेच झालं असतं. मालकाच्या डोक्यात कल्पना आली की पाहुण्याचा चेहरा शिडावर लावायचा आणि बोट पाण्यातून मंडपाकडे येताना ड्रोनने चित्रण करायचं. फ्लेक्स छापून आला. तो शिडावर लावून बघितला तेव्हा अडचण निघाली. रीफच्या नाड्यांची ओळ बरोबर पाहुण्याच्या नाकावरून जात होती, आणि कडेची दोरी कानापाशी लोंबत होती.

त्या दिवशी सकाळी मी पेडगावला होतो. दाजींचा फोन आला.

"दादा, नाड्या कापल्या."

"कोणी?"

"फ्लेक्सवाल्याच्या मान्सांनी. मालकानं सांगितलं. म्हनले, सायबाच्या नाकातून दोऱ्या निघाल्यासारखं दिसायलंय. रीफची दोरी बी काढून टाकली. मी म्हनलं, मालक, वारं आलं तर शीड आखडायचं कसं? तर म्हनले, आखडायचं कामूनच? आखडलं तर चेहऱ्याला घडी पडती. सायबाच्या थोबाडावर घडी पाडतो का?"

"दाजी, बोट पाण्यात घालू नका."

"नऊचा कार्यक्रम हाय, दादा. नऊला वारंच न्हाई. एक चक्कर मारतो अन् लावतो काठाला."

"मी येतोय. मी येईपर्यंत थांबा."

"या. जेवायलाच या. सुमननं वांगी केलीत."

मी मोटरसायकल काढली. ऊन वाढत होतं, वाटेत पंक्चर काढण्यात वेळ गेला, आणि मी स्वतःला समजावत होतो की सकाळी वारा नसतो. ते खरं होतं. फक्त पाहुणा नऊला आला नाही. दहाला नाही, अकराला नाही. असे पाहुणे वेळेवर येत नसतात हे मालकाला माहीत होतं, मंडपातल्या खुर्च्यांना माहीत होतं. मी जेवणवेळेला पोचलो तेव्हा लाउडस्पीकरवर "थोड्याच वेळात" चाललं होतं. मी मालकाला गाठलं आणि सांगितलं, हे शीड लावून बोट सोडू नका, दुपारचा वारा सुटणार आहे. मालक म्हणाले, "काका, तुम्ही समुद्राचे. हे आपलं तळं हाय. खामखा भीती घालू नका, आज चांगला दिवस हाय." आणि फोनवर बोलत निघून गेले.

दाजी धक्क्यावर बसले होते. मी शीड बघितलं. फ्लेक्सवाल्याने आपल्या सवयीने काम चोख केलं होतं. चौकात फ्लेक्स लावताना सुरकुती पडू नये म्हणून प्रत्येक भोकातून प्लॅस्टिकची पट्टी घालून खांबाला करकचून आवळतात, तशाच त्याने शिडाच्या कडा डोलकाठीला आवळून टाकल्या होत्या. म्हणजे शीड लहान करता येणार नव्हतं, आणि वेळ आली तर खाली पाडताही येणार नव्हतं. मी म्हणालो, "दाजी, पट्ट्या कापू." आम्ही विळा मागवला. तेवढ्यात सायरन वाजला. पाहुणा आला. मालकाची माणसं धावत आली, एकाने माझा हात धरून मला बाजूला केलं, दोघांनी दाजींना बसवून बोट ढकलली. दाजींनी माझ्याकडे बघून हात हलवला. घाबरू नका, असा.

पुढचं मी दोरीच्या वाटेने सांगतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

बोट पाण्यात लांब गेली आणि वळून मंडपाकडे निघाली. चेहरा मंडपाला दिसायचा तर वारा पाठीमागून घ्यावा लागतो. पाठीमागून वारा असला की आडवी काठी आवरणारी दोरी कितीही सैल सोडा, शीड रिकामं होत नाही, भरलेलंच राहतं. त्यात वरून फ्लेक्स. कापड थोडं वाकतं, फ्लेक्स पत्र्यासारखा उभा राहतो. मंडपातून टाळ्या पडल्या. पाण्याचा रंग पलीकडून काळा होत आला तो मला दिसला. तो वारा होता. दाजींनाही दिसला, कारण त्यांनी लगेच जे करायचं ते केलं. सुकाणू बगलेत धरलं, पुढे झाले आणि चढती दोरी सोडली. ती सुटलेली मी पाहिली. शीड खाली यायला हवं होतं. पट्ट्यांनी धरून ठेवलं. मग त्यांनी शेवटची गोष्ट केली, बोट वाऱ्याच्या तोंडावर फिरवायला घेतली. फिरताना एक क्षण बोटीची पूर्ण बाजू वाऱ्याला मिळते. आखडलेल्या शिडाने बोट तो क्षण काढते. भरल्या शिडाने ती आडवी झाली.

जलाशयावरचे मासे धरणारे भोई आपले थर्माकोलचे तराफे घेऊन आधी पोचले. केंद्राच्या मोटरबोटीला फुलांच्या माळा आणि पाहुण्याची खुर्ची बांधलेली होती, ती सुटायला वेळ लागला. शीड पाण्यावर पसरलं होतं आणि चेहरा वर होता. हसरा. त्याच्याखाली दाजी होते.

दाजींच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. नंतर लोक म्हणाले, जॅकेट असून बुडाला म्हणजे घाबरला असणार. या वाक्याचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही. जॅकेट माणसाला वर ढकलतं. वर फ्लेक्स होता. कापडी शीड हाताने उचलून खाली श्वासापुरती जागा करता येते. ओला फ्लेक्स पाण्याला चिकटतो, उचलत नाही. बाहेर यायचं तर खाली बुडी मारून यावं लागतं, आणि जॅकेट बुडी मारू देत नाही. जन्मभर पाण्यात वावरलेला माणूस त्या चेहऱ्याला खालून हात लावत राहिला.

मालकाने गावात, वर्तमानपत्रवाल्यांना आणि जो विचारेल त्याला सांगितलं: वादळ अचानक आलं, नावाड्याला शीड आखडता आलं नाही. पहिला भाग खोटा. दुसरा भाग शब्दशः खरा, आणि म्हणून अधिक नीच.

हे वाक्य सुमनच्या अंगणात आलं. सांत्वनाला येणारी माणसं तेच घेऊन येत. "बिचाऱ्याला जमलं न्हाई." "नवीनच काम व्हतं ना." सुमन ऐकून घ्यायची. एका दुपारी तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "दादा, खरं सांग. यांना येत नव्हतं का?"

मी म्हणालो, "येत होतं."

"तू भाऊ हायेस. तू आसंच म्हनशील."

ते बरोबर होतं. तिला माझा शब्द नको होता. शब्द तिच्याकडे पुष्कळ आले होते.

मी केंद्रावर गेलो. ते बंदच होतं. राखणदार ओळखीचा. म्हणाला, "शीड मागच्या शेडमधी हाय. मालकानं जाळायला सांगितलंय. तुमी न्या. म्या जाळलं म्हनून सांगतो." मी ते गुंडाळून आणलं. फ्लेक्स सोडवून काढला आणि घडी घालून बाजूला ठेवला. शीड धुतलं, सुकवलं आणि ओसरीत बसून शिवलं. कारखान्यात याहून अवघड शिडं शिवली आहेत, पण इतकं हळू कुठलंच नाही. फाटलेलं सगळं शिवलं. कापलेल्या नाड्यांची बोटभर टोकं मात्र होती तशी ठेवली. कापणाऱ्याने कात्री चांगली वापरली होती, टोकं एका रेषेत होती.

पुण्यानुमोदनाचा दिवस आला. अंगणात कनात, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला दाजींचा फोटो. वंदना झाली. मग आपल्याकडे बोलायची रीत असते, एकेकाने उठून दोन शब्द सांगायचे. मालकही आले होते, पांढऱ्या कपड्यांत, दोन माणसं बरोबर. त्यांनी माईक घेतला. दाजी किती मनमिळाऊ होते ते सांगितलं. मग म्हणाले, "निसर्गापुढं कुनाचं काय चालतं? ऐन वेळेला त्यांना शीड आखडता आलं नाही. आपलं दुर्दैव."

माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा मी माईक घेतला नाही. मला माईकवर बोलता येत नाही. मी सकाळीच अंगणातल्या लिंबाच्या फांदीला कडी बांधून ठेवली होती. शीड आणलं, वरचं टोक दोरीने फांदीवर चढवलं, खाली आडवा बांबू बांधला, नवी रीफची दोरी शिडाच्या कडेच्या कडीतून ओवून खाली आणली. लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, "काय करायलेत हे?" शीड पूर्ण वर गेलं. दुपारच्या वाऱ्याने थोडं फुगलं.

मी सुमनला हाक मारली. ती उठून आली. तिच्या हातात ढिली दोरी दिली.

"मी वरची सोडतो," मी म्हणालो. "सोडली की तू ही ओढ."

"जोरात?"

"नाही. साधी."

मी चढती दोरी सोडली. तिने ओढली. शीड एक घडी खाली बसलं आणि बांबूवर गच्च झालं. तिने हातातल्या दोरीकडे बघितलं, मग वर.

"एवढंच?"

"एवढंच."

"मी चुलीपुढची बाई, दादा. मला बी आलं."

मी वरची दोरी बांधून टाकली. ती शिडाजवळ गेली. घडीच्या कडेने त्या कापलेल्या नाड्यांची टोकं ओळीने दिसत होती. तिने एकेकीला बोट लावत शेवटापर्यंत पाहिलं. मग दोरी न सोडता मालकाकडे वळली. आवाज चढवला नाही. दाराशी आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

"हे कुनी कापलं?"

मालक म्हणाले, "ताई, आता तो विषय..."

"ह्यांना येत नव्हतं म्हनलात ना तुमी आत्ता, माइकवर? मंग माइकवरच सांगा. हे कुनी कापलं?"

माईक चालूच होता. अंगणभर नुसता त्याचा खरखराट ऐकू येत होता. मालकाने तो उचलला नाही. सुमनने दोरी सोडली नाही.